कोयनेचे अरण्य कोणत्या मापाने मोजावे



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना भूगोल पुस्तकातून कमी आणि कृष्णा-कोयनेच्या वाळवंटात उभे करून अधिक शिकविला, असे त्यांच्या हाताखाली शिकलेली मंडळी आजही आदराने सांगतात. आणि म्हणून कराडात, प्रीतिसंगमाच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर, त्यांच्या नावाने बोलण्याचा योग आला तेव्हा विषय शोधण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. महाबळेश्वराच्या एकाच माथ्यावर उगम पावणाऱ्या या दोन नद्यांपैकी कृष्णा वाईकडे उतरून उघड्या मुलखात येते, तर कोयना सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेकडे, सह्याद्रीचा मुख्य कणा आणि त्याला समांतर धावणारी दुसरी डोंगररांग यांच्या मधल्या चिंचोळ्या उपत्यकेतून वाहते, हेळवाकापाशी एकाएकी पूर्वेला वळते, आणि मग पाटणवरून आपल्या गावी येऊन कृष्णेला समोरासमोर भेटते. आपण रोज जे पाणी पितो ते ज्या डोंगरांनी साठवून पाठविलेले असते, त्या डोंगरांविषयी मला आज बोलायचे आहे.

या मुलखाची सरकारी कैफियत थोडक्यात अशी. 1985 साली कोयनेच्या खोऱ्यातील सुमारे 423 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी दक्षिणेकडच्या वारणा खोऱ्यातील चांदोलीलाही तोच दर्जा मिळाला आणि पुढे 2004 साली तेथील सुमारे 317 चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान झाले. 2010 च्या जानेवारीत ही दोन्ही क्षेत्रे मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प निर्माण करण्यात आला. आणि 2012 साली पश्चिम घाटातील ज्या 39 स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली चार स्थळे आली. इतके मानमरातब एका डोंगराळ प्रदेशाला पंचवीस-तीस वर्षांत मिळावेत ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु या प्रत्येक मानाबरोबर लोकांच्या मनात एक अपेक्षाही रुजत गेली, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या नामकरणानंतर तर ती इतकी दृढ झाली आहे की कोयनेला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारला जातो की, वाघ दिसला काय? नाही म्हणताच विचारणाऱ्याची मुद्रा उतरते आणि हे अरण्य त्याच्या मनातून उतरते. ताडोबाच्या मापाने सह्याद्री मोजण्याची ही जी रीत पडत चालली आहे ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे या डोंगरांचे प्रत्यक्ष नुकसान होते, एवढेच माझे आजचे म्हणणे आहे.

आधी खडकाकडे पाहू, कारण येथे सर्व काही खडकापासून सुरू होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस उसळला, थरांवर थर साचले आणि त्यांतून आपला काळा बेसाल्ट पाषाण झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. वासोटा किल्ल्याच्या मागील अंगाला असलेल्या बाबूकड्यापाशी उभे राहिले म्हणजे ते सर्व थर, कोकणाच्या बाजूने कापून काढल्यासारखे, एकाखाली एक दिसतात, आणि त्यांच्या पायथ्याशी खेड तालुक्यातील रानाचा हिरवा विस्तार इतका खोल पसरलेला असतो की दृष्टी काही क्षण कशावर ठरत नाही. अरबी समुद्रावरून आलेले मेघ या भिंतीला अडतात, वर चढतात आणि रिते होतात. महाबळेश्वर आणि कोयनेच्या काठचे नवजा येथे पावसाच्या चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणे नवलाचे मानले जात नाही. आणि तेथून पूर्वेला पन्नाससाठ किलोमीटरांवर असलेल्या आपल्या कराडच्या शिवारात वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरांच्याही आतच राहतो. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक होतो म्हणूनच त्या माथ्यावरील झाडोऱ्याचे मोल उंच वृक्षांच्या घेराने करता येत नाही. चार महिने अखंड जलधारा आणि झोंबरे वारे, व पुढचे आठ महिने जवळपास कोरडे, अशा दुहेरी शिस्तीत जो वृक्ष टिकतो तो बुटका, गाठाळ आणि जाड पानांचा होतो. अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा हे या अर्धसदाहरित रानाचे मुख्य वृक्ष आहेत. उन्हाळ्यात अंजनाच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांनी अंगभर लपेटल्या जातात तेव्हा हेच ठेंगणे रान किती देखणे होते ते पाहण्यासाठी मुद्दाम जावे.

उतारांवर कारवी असते. सात-आठ वर्षे ती नुसती हिरवी वाढते, डोंगरकरी तिच्या काठ्या तोडून घराचे कूड बांधतात, वर शेण-मातीचा गिलावा देतात. आणि मग एका वर्षी, पाऊस ओसरू लागला की, संपूर्ण उतारच्या उतार एकदम जांभळ्या फुलोऱ्याने झाकले जातात, मधमाश्यांची झुंबड उडते, आणि एकदा फुलून बीज धरले की ते झुडूप वाळून जाते. एका पिढीने आपली सर्व पुंजी एकाच हंगामात खर्चावी, बीज खाणाऱ्या किड्यामुंग्यांनी पोट भरूनही पुष्कळ बीज शिल्लक उरावे, असा हा निसर्गाचा हिशेब असावा असे अभ्यासक मानतात. कारवीची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात, आणि ती माती जर सुटली तर ती थेट कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी जाऊन बसेल, ही गोष्ट धरणाच्या आयुष्याचा विचार करणाऱ्यांनी विसरू नये.

परंतु माझ्या मते या प्रदेशाचे खरे वैभव रानातही नाही. ते सड्यावर आहे. डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाची जी सपाट, उघडी, उन्हाळ्यात पायांना चटके देणारी अधित्यका असते तिला आपल्याकडे सडा म्हणतात. पीक येत नाही, झाड धरत नाही, म्हणून मुलकी खात्याच्या दप्तरात असल्या खडकाळ जमिनीची गणना पोटखराब्यात होते, म्हणजे जिच्यावर सरकारला आकार बसविता येत नाही अशी जमीन. महसुलाच्या दृष्टीने हा निवाडा बरोबरच आहे. मात्र जूनमध्ये पहिला पाऊस झाला की त्या दगडाच्या बोटभर खोलीच्या खळग्यांत पाणी साचते, आणि पुढील तीनचार महिने तेथे जे जीवन प्रकटते त्यातील कितीतरी जाती पृथ्वीच्या पाठीवर पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाहीत. गेंदांच्या पांढऱ्या घुंड्या, तेरडा, सोनकी, सीतेची आसवे आणि दवबिंदू यांची नावे कासच्या प्रसिद्धीमुळे आता सर्वतोमुखी झाली आहेत. पण त्यांचे वर्तन रंगांहून अधिक विचार करायला लावणारे आहे. खडकावरच्या या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसते, आणि म्हणून सीतेच्या आसवांनी जमिनीखालच्या ओल्या भागात सूक्ष्म पिशव्या धारण केल्या आहेत, ज्यांत पाण्यातील बारीक जीव ओढले जातात. दवबिंदूने पानांवरील केसांच्या टोकांना चिकट थेंब आणले आहेत, ज्यांवर बसलेले चिलट पुन्हा उडत नाही. जमीन जे देत नाही ते या वनस्पती अशा रीतीने मिळवितात. वायतुरा नावाची पाणथळीतील एक वनस्पती तर अशी आहे की तिच्या शास्त्रीय नावातच सातारा जिल्ह्याचे नाव गुंफले गेले आहे.

याच सड्याच्या एका रहिवाशाची हकीकत मला विशेष जिव्हाळ्याची वाटते. कोयनेचे धरण उभे राहत होते, पाणी चढू लागले होते, आणि सगळ्या देशाचे लक्ष भिंतीच्या उंचीकडे व विजेच्या आकड्यांकडे लागले होते, त्याच काळात, 1963 साली, सोमण नावाच्या अभ्यासकांनी जलाशयालगतच्या हुंबरळी गावाच्या परिसरातील एका लहानशा भेकाचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला कोयनेचे नाव दिले. पुढे 2009 साली आंबोलीच्या सड्यावरील एका दुसऱ्या भेकाचे वर्णन झाले आणि या दोघांसाठी शास्त्रज्ञांनी एक स्वतंत्र प्रजाती (genus) मानली. त्या प्रजातीत आजवर या दोनच जाती आहेत, आणि दोन्ही सह्याद्रीच्या आपल्याच पट्ट्यात राहतात. पावसाच्या आरंभी दगडावरच्या उथळ डबक्यात अंडी घालायची आणि ते पाणी आटण्यापूर्वी पिलांनी पाय फुटून बाहेर पडायचे, इतक्या अल्प मुदतीवर त्यांचा वंश चाललेला आहे. एखाद्या सड्यावरून रस्ता गेला, मुरूम पसरला, वाहने फिरली, की त्या डबक्यांचे काय होते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. असा प्राणी नाहीसा झाला तर त्याची जागा भरून काढण्यासाठी दुसऱ्या अरण्यातून तो आणता येणार नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही अरण्यात तो नाहीच. आता हा पोटखराबा किती किमतीचा, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली; दक्षिणेकडे जांभ्याच्या पोटातील बॉक्साइटने अनेक पठारांवर खाणी आणल्या. वीज आणि धातू नकोत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांची जागा ठरविताना सडा म्हणजे रिकामी जमीन असे गृहीत धरले गेले, आणि ते गृहीत चुकीचे होते, हे मात्र स्पष्ट शब्दांत म्हणतो.

मोठ्या प्राण्यांबद्दल आता अधिक विस्तार करीत नाही, कारण त्यांची ख्याती करणारे पुष्कळ आहेत. गवा, सांबर, भेकर, पिसोरी, अस्वल, बिबट्या, रानकुत्री, साळिंदर आणि खवल्या मांजर ही सर्व मंडळी या खोऱ्यांत नांदतात. त्यांतही शेकरू आणि धनेश यांचा स्वतंत्र उल्लेख केलाच पाहिजे, कारण त्यांच्या असण्यावरून रानाची प्रकृती कळते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू जमिनीवर क्वचित उतरतो. त्याचे येणे-जाणे एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर असते, आणि म्हणून जेथे शेकरू आहे तेथे छत्र अखंड आहे असे खुशाल समजावे. धनेशाची मादी वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड लिंपून केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर तिला उंबर-वडांची फळे आणून भरवितो. अशी ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते, त्यामुळे जेथे धनेश वीण करतो तेथे जुनी झाडे तोडीतून वाचलेली आहेत असा दाखला मिळतो. ती वाचली ती पुष्कळदा देवरायांत. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्याने ग्रामदेवतेच्या धाकाने राखलेल्या या लहान लहान रानांना वनस्पतिशास्त्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. आणि ओढ्याकाठी पावसाळी पहाटे शीळ घालणाऱ्या कस्तुराविषयी मी काही बोललो नाही तर माझ्या मनाला चुटपुट लागेल; नवज्याच्या बाजूला धुक्यात काहीही दिसेनासे झालेले असताना ती शीळ ऐकणे, हे या डोंगरांनी मला दिलेल्या सुखांपैकी एक आहे.

मग वाघ? वाघ येथे होता; वासोट्याचे दुसरे नाव व्याघ्रगड आहे. आजही तो अधूनमधून येतो. 2018 साली येथील स्वयंचलित कॅमेऱ्यात त्याचे छायाचित्र मिळाले. कर्नाटकातील काळी नदीच्या खोऱ्यापासून गोव्याची म्हादई, तिलारी, राधानगरी अशी जी डोंगरांची सलग रांग आहे, तिच्या आधाराने तो उत्तरेकडे सरकतो. बाहेरून वाघ आणून सोडण्याचे प्रयत्नही अलीकडे सुरू झाले आहेत आणि ते यशस्वी व्हावेत अशीच माझी इच्छा आहे. पण आंबा, फोंडा, आंबोली, दोडामार्ग या भागांत ती रांग जेथे अरुंद झाली आहे तेथील रान तुटले, तर येथे सोडलेल्या वाघाला पुढे वाट उरणार नाही, आणि म्हणून वाघाच्या मोजणीपेक्षा त्या वाटेची राखण मोठी आहे. दाट, उताराच्या, पावसाळी सह्याद्रीत वाघ विरळच राहणार; मध्य भारतातील गवताळ, हरणांनी भरलेल्या रानाशी त्याची बरोबरी लावणे दोन्ही रानांवर अन्याय करणारे आहे.

येथवर मी जणू या खोऱ्यात माणूस कधी नव्हताच अशा रीतीने बोललो. तो होता, आणि या व्याख्यानाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो येथून पुढे आहे. उतारांवर कुणबी कुमरी, म्हणजे फिरती शेती, करीत, नाचणी आणि वरी पिकवीत. माथ्यांवर गवळी धनगर म्हशी राखीत. नदीकाठच्या सपाट पट्ट्यात भातखाचरे होती, देवळे होती, आमराया होत्या. 1954 साली धरणाचे काम सुरू झाले, 1962 साली वीजनिर्मितीला प्रारंभ झाला, आणि 103 मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी साठू लागले. पूर्वेच्या बंगालच्या उपसागराकडे जाणारे ते पाणी बोगद्यांतून कोकणात पोफळीकडे उतरविण्यात आले, आणि त्यावर निर्माण झालेल्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले. त्यासाठी खोऱ्यातील गावेच्या गावे उठली आणि सोलापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. 1967 च्या 11 डिसेंबरच्या पहाटे झालेल्या भूकंपाने या भागाचा पुन्हा एकदा घात केला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. पुढे चांदोलीत काही गावे धरणासाठी उठली, काही अभयारण्यासाठी. कित्येकांच्या जमिनीचे आणि नागरी सोयींचे प्रश्न त्यांच्या नातवंडांच्या काळापर्यंत चालत आले.

ज्या पाण्याने खोरे बुडविले त्याच पाण्याने पश्चिमेचा काठ वाटेवेगळा केला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बामणोलीहून लाँचमध्ये बसल्याखेरीज आज वासोट्याच्या पायथ्याला सहज पोचता येत नाही. पूर्वीचे गाडीरस्ते पाण्याखाली आहेत. आणि या दुर्गमतेने जे संरक्षण दिले ते कोणत्याही हुकुमाने देता आले नसते. सोडून दिलेल्या खाचरांवर गवत आले, त्या गवतावर गवे चरू लागले. कोणीएकाने आपल्या नातवांसाठी लावलेल्या आंब्यांखाली आता उन्हाळ्यात अस्वले येतात. रानात चालताना मध्येच एखादे जोते लागते, तुळशीवृंदावनाचा दगड लागतो, बुजत आलेली विहीर लागते, आणि भोवतालचे रान, जे आपण अनादि म्हणून कौतुकाने पाहत असतो, ते पन्नाससाठ वर्षांचे आहे हे समजते. आपल्या जागतिक वारशाचा बराचसा भाग म्हणजे कोणाची तरी मोडलेली वहिवाट आहे. हे मी अरण्याचे महत्त्व कमी करण्यासाठी सांगत नाही. ते ज्यांच्या त्यागावर वाढले त्यांचे नाव त्याच्या इतिहासातून वगळले जाऊ नये म्हणून सांगतो. वारशाचे फलक लागतात, त्यांवर पक्ष्यांची नावे असतात, पर्यटकांसाठी सूचना असतात. पण येथे अमुक गाव होते, ते अमुक साली उठले आणि अमुक ठिकाणी जाऊन वसले, एवढ्या दोन ओळीही जर त्यांवर नसतील, तर त्या फलकांनी जे सांगितले ते अपुरे आहे.

आणि येथे भावनेपलीकडचा, निखळ ज्ञानाचाही प्रश्न आहे. कोणता झरा मे अखेरपर्यंत टिकतो, कोणत्या घळीत सांबरे विण्यासाठी येत, कारवी मागे कोणकोणत्या वर्षी फुलली, कोणत्या सड्याला काय म्हणत, कोणत्या देवाच्या नावाने कोणती राई राखली होती, हे सर्व त्या माणसांना ठाऊक होते. भूमापनाच्या नकाशात ओढ्याची रेघ असते. त्या ओढ्याचे नाव आणि त्याचा स्वभाव तेथे नसतो. वनखात्याच्या आजच्या रक्षकाला जे पायपिटीने वर्षानुवर्षांत कळते ते त्या गावच्या गुराख्याला बाराव्या वर्षी ठाऊक असे.

माझी विनंती कराड, पाटण आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आहे, आणि त्यांना शिकविणाऱ्यांनाही. कोयनेच्या पुनर्वसित वसाहतींत जा. वृद्ध स्त्रीपुरुषांजवळ बसा. डोंगर, ओढे, सडे, झाडे आणि जनावरे यांची त्यांच्या तोंडची नावे, त्यांनी पाहिलेले फुलोरे, दुष्काळ, वाघ आणि पूर, सर्व काही त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि त्याची एक प्रत वनखात्याच्या व एक आपल्या ग्रंथालयाच्या दप्तरी द्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. गाव सोडताना जी माणसे विशीत होती ती आता ऐंशीच्या पुढे आहेत.